ज्ञानेश्वरीतील कुंडलिनी : एक पुनर्वाचन

मराठी भाषेच्या गौरवाचा प्रसंग आला की ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीची ती प्रतिज्ञा हटकून आठवली जाते. आपले मराठी बोल अमृताशी पैज लावतील आणि ती जिंकतील, असे ज्ञानेश्वर म्हणतात आणि आपण त्या उद्गाराला मान डोलावतो. शाळेच्या पुस्तकात तो उद्गार आहे, संमेलनांच्या मांडवात तो आहे. परंतु कोणत्या विषयाच्या उंबरठ्यावर उभे राहून कवीने ही पैज लावली, असा प्रश्न केल्यास उत्तर देणारे फार थोडे निघतील. तो विषय म्हणजे श्वासाचा निरोध आणि देहात निजलेल्या शक्तीची जागृती. बाराव्या अध्यायात मराठीच्या नगरीत ब्रह्मविद्येचा सुकाळ व्हावा अशी प्रार्थना ज्ञानेश्वरांनी केली आहे, हे खरे. पण ती प्रार्थना होय. पैज मात्र त्यांनी येथेच लावली. जेथे शब्द सर्वांत दुबळा पडावयाचा, जेथे संस्कृतातील ग्रंथकारही सांकेतिक परिभाषेच्या आड लपतात, त्या ठिकाणी आपली भाषा उभी करून तिची परीक्षा घ्यावी, असा हा डाव आहे. तो डाव सुटा काढून त्याचे सुभाषित केले, की पैज कशावर लागली होती हेच विसरले जाते.

हा विषय आज पुन्हा चर्चेस घेण्याचे कारण सरळ आहे. नाशिकसारख्या शहरात, आणि नाशिकच कशाला, कोणत्याही बऱ्या वस्तीच्या गावात, श्वासावर लक्ष ठेवून सूक्ष्म शक्ती जागी करून देण्याची आश्वासने आता भिंतींवरील फलकांतून वाचावयास मिळतात. दोन दिवसांत चक्रे उघडतात, घरबसल्या ऊर्जा वर चढते. या फलकांच्या कडेला ज्ञानेश्वरांचे चित्र हमखास असते, आणि सहाव्या अध्यायाचा दाखलाही कधी कधी असतो. उलट बाजूस सुशिक्षितांचा एक वर्ग असा आहे की तो हा भाग मध्ययुगीन शारीरशास्त्र म्हणून मुकाट्याने ओलांडतो. पारायणात तर वाचकाची जीभ येथे नेहमीपेक्षा वेगाने चालते, कारण शब्द अवघड आणि अर्थ त्याहून अवघड. तिघांचीही वाट वेगळी, पण परिणाम एकच: ओव्या वाचल्या जात नाहीत.

प्रथम मूळ काय आहे ते पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्यांपैकी योगाभ्यासाची प्रत्यक्ष कृती सांगणारे श्लोक अवघे चारपाच. शुद्ध जागी, फार उंच नाही व फार सखल नाही असे आसन घालावे. देह, मान आणि मस्तक एका रेषेत ठेवावे. दृष्टी नासाग्रावर लावावी. मन माझ्या ठायी ठेवावे, इतकेच श्रीकृष्ण सांगतात. कुंडलिनी हा शब्द साऱ्या गीतेत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यातही या स्थळी त्याचा विस्तार नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र या ठिकाणी सुमारे शंभर ओव्यांचे असे वर्णन घातले आहे की अर्जुनाच्या रथाजवळून आपण एकदम ब्रह्मगिरीच्या कपारीत येऊन पोहोचतो.

ब्रह्मगिरी म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्र्यंबकेश्वरीच्या त्या डोंगराच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भीतीने वाट चुकलेले निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले आणि तेथे त्यांना उपदेश झाला, असे परंपरा सांगते. कथेतील वाघ बाजूला ठेवला, तरी गुरुपरंपरा स्वतः ज्ञानेश्वरांनीच अठराव्या अध्यायाच्या शेवटी नोंदवून ठेवली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा तो क्रम आहे. आणि कलीने गांजलेल्या जीवांना हे धन वाटून टाक, अशी गहिनीनाथांची आज्ञा निवृत्तिनाथांस होती, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे शके १२१२त, इसवी सन १२९० साली, नेवाशास प्रवरेकाठी जे मराठीत सांगितले गेले, ते त्र्यंबकच्या डोंगरातून आलेले गुप्त धन होते, आणि ते उघड्यावर मांडण्याची परवानगी घेऊनच मांडले गेले. कुंडलिनीच्या वर्णनाच्या अखेरीस कवी स्वतःच सांगतो की, देहाने देहाचा ग्रास करावा हा नाथांचा संकेत आहे आणि श्रीकृष्णांनी तोच येथे सूचित केला. गीतेच्या तोंडी नाथांचा सिद्धांत घालताना त्याने तो लपविला नाही. टीकाकाराचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता काव्याकडे वळू. या अध्यायातील योग हा एक पर्वत आहे. यमनियमांचा पायथा, आसनाची पाऊलवाट, पुढे प्राणायामाचा कठीण चढ, आणि मग प्रत्याहाराचा असा तुटलेला कडा की तेथे बुद्धीचेही पाय निसरतात आणि हट्टाने आलेले हठयोगी आपल्या प्रतिज्ञा सोडून माघारी फिरतात. तेथे वैराग्याची नखे रोवून हळूहळू वर सरकावे लागते. हा हिमालय नव्हे. हिमालयाचे वर्णन करणारा संस्कृत कवी बर्फ, देवदारू आणि किन्नर आणील. येथे आहे तो निसरडा, काळ्या पाषाणाचा, पावसात हात सुटणारा सह्याद्रीचा कडा. अभ्यासाला योग्य जागेचे वर्णनही असेच घरगुती आहे. जागा अशी असावी की एखाद्या विलासी माणसालाही ती पाहून येथेच राहावे असे वाटावे. पाणी निर्मळ, वारा मंद, ऊन सौम्य. फारशी वर्दळ नको. पाखरांच्या बाबतीत तर कवीने मोठी गमतीची सवलत दिली आहे. पोपट व भुंगे नसावेत, पण कधी एखादा हंस यावा, कोकिळा बसली तर बसू द्यावी, आणि मोर आलाच तर आम्ही नको म्हणणार नाही! एवढ्या कठोर साधनेच्या दाराशी मोराला मुभा देणारा हा योगी कोरड्या मनाचा नाही, हे वाचकाला येथेच कळून चुकते.

यानंतर भाषा अकस्मात बदलते. टाच कोठे ठेवावी, मूळबंध कसा साधावा, हनुवटी कंठाच्या खळगीत बसून छातीवर कशी दाबली जाते, नाभी वर उचलून पोट सपाट कसे होते, म्हणजे मूळ, जालंधर आणि उड्डियान हे तीन बंध, कवी एखाद्या वस्तादाच्या नेमक्या शब्दांत सांगतो. मात्र श्वास किती मोजावा, किती वेळ कोंडावा, याचे प्रमाण तो देत नाही. हठयोगाच्या पोथ्यांत असलेला हा हिशेब त्याने वगळला, त्याअर्थी या ओव्या पुढ्यात ठेवून कोणी एकट्याने अभ्यास करावा, असा त्याचा हेतू दिसत नाही. बंधांची चौकट उभी केली आणि तो थांबला. पुढचे काम उपमांकडे दिले.

त्या उपमा कोणत्या? कुंकवाने न्हालेले नागिणीचे पिल्लू वेटोळे करून निजलेले आहे, साडेतीन वेढे घालून, तोंड खाली करून. ती विजेची वळी आहे, अग्निज्वाळेची घडी आहे, बावनकशी सोन्याची घोटीव पट्टी आहे. येथपर्यंत सारे रम्य आहे आणि फलकांवरील चित्रकारांना येथपर्यंतच हवे असते. पण पिल्लू जागे झाल्याबरोबर काय करते? ते भुकेलेले उठते. कित्येक दिवसांची भूक तिला एकदम लागते आणि ती तोंड पसरून वर झेपावते. हृदयाखालचे मांस, तळहाततळपायांचे स्नायू, सांध्यासांध्यांतील सत्त्व, जे सापडेल ते ती खाते. सप्तधातूंचा समुद्र पिऊन टाकते. देह कोरडा ठणठणीत पडतो. पृथ्वी आणि पाणी ही दोन तत्त्वे खाऊन झाल्यावरच ती तृप्त होते. या पंचवीसतीस ओव्यांइतके भयंकर, जवळजवळ बीभत्स रसाला भिडणारे वर्णन प्राचीन मराठी काव्यात शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. शांतरसाच्या ग्रंथात ते आहे हे विशेष. सौंदर्याच्या उपमेने आपल्याला आत बोलावून कवीने दार लावून घेतले आहे, आणि आत जे चालले आहे ते भोजन आहे. फक्त जेवणारी शक्ती आहे आणि पान साधकाच्या देहाचे मांडलेले आहे.

श्वासाचे जे होते तेही याच रीतीने सांगितले आहे. नाकपुड्यांतून बारा अंगुळे बाहेर जाणारा वारा ती घट्ट पकडते आणि मागे वळवून आत घालते. खालचा अपान वर ओढला जातो, वरचा प्राण खाली येतो, आणि दोघांच्या मध्ये चक्रांचे नुसते पदर उरतात. येथे श्वास ही साधकाने करावयाची क्रिया राहिलेली नाही. क्रियापदांचा कर्ता बदलला आहे. आधीच्या ओव्यांत साधक आसन घालतो, बंध लावतो, दृष्टी स्थिर करतो. या ओव्यांत तो एकही क्रियापद बोलत नाही, त्याच्यावर सारे घडते. व्याकरणाच्या एवढ्याशा पालटाने ज्ञानेश्वरांनी जे सांगितले, ते सांगावयास शास्त्रकारांना पानेच्या पाने लागतात. शक्ती जागी ‘करून देण्याची’ भाषा जे वापरतात, त्यांनी या ओव्यांतील कर्ता एकदा तपासून पाहावा.

पुढे नव्या देहाचे वर्णन येते. वाळलेली कातडी कोंड्यासारखी गळून पडते, आतून स्फटिकाची किंवा केशराची मूर्ती निघावी तशी कांती दिसते, हिऱ्याच्या कण्यांसारखे दात उगवतात, तळवे लाल कमळासारखे होतात. खरे बोलावयाचे तर, हा भाग मला इतरांहून थोडा फिका वाटतो. उपमेमागून उपमा येते, आणि त्यांतील काही केवळ अलंकाराच्या पेटीतून काढल्यासारख्या आहेत. भुकेच्या ओव्यांत प्रत्येक प्रतिमा घाव घालते. येथे त्या रांगेने उभ्या राहतात. पण कवीलाही हे जाणवले असावे. समुद्रापलीकडचे दिसणे, मुंगीच्या मनातले कळणे, पाण्यावरून पाऊल न भिजता चालणे या सिद्धी, ज्यांच्यासाठी आजही माणसे घरदार सोडतात, त्या तो दोनतीन ओव्यांत उरकतो. तेथे रेंगाळण्याची त्याची इच्छा नाही. त्याला पुढच्या प्रसंगाची घाई आहे.

तो प्रसंग म्हणजे शक्तीचे नाव जाणे. प्राणाचा हात धरून, आकाशाची पायरी करून, सुषुम्नेच्या जिन्याने ती हृदयात येते. मघाची भुकेली नागीण आता जगदंबा झालेली आहे. तेथे अनाहताचा नाद चालतो. आणि मग ती अंगावरचे सोनेरी वस्त्र उतरवून ठेवते. वाऱ्याची बाहुली सोनसळा पांघरून उभी होती, तिने तो फेडला; किंवा वाऱ्याच्या झुळकीने दिव्याची ज्योत गेली; किंवा वीज आकाशात चमकून मावळली. आता तिला शक्ती म्हणावयाचे नाही, ती नुसता वारा आहे. ज्या श्वासापासून आरंभ झाला, त्याच श्वासात शक्ती विरून गेली. वर्णनाचा हा कळस आहे, आणि तो कशाच्या प्राप्तीचा नाही. शेवटी तो वाराही गगनात मिळतो आणि ‘मी’ म्हणावयास कोणी उरत नाही. वाचाही परत फिरते. अमृताशी पैज लावणाऱ्या वाणीने आपला पराभव अशा थाटाने मान्य करावा, यात त्या पैजेचा खरा निकाल आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या काव्याला दोन प्रकारच्या वाचकांनी शास्त्र करून सोडले. १९१९ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने संस्कृत तंत्रग्रंथांची भाषांतरे ‘द सर्पंट पॉवर’ या पुस्तकात प्रसिद्ध केली, आणि कुंडलिनी हा शब्द जगभर गेला. त्यानंतर १९२७त मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांचे ‘द मिस्टीरिअस कुंडलिनी’ हे छोटे इंग्रजी पुस्तक निघाले. मस्तकापासून निघून हृदय, फुप्फुसे व जठर यांना शाखा देणारा जो व्हेगस नावाचा मज्जातंतू, त्यांतील उजवा म्हणजेच कुंडलिनी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तकाची प्रस्तावना वुड्रॉफ यांचीच. आणि गंमत अशी की, प्रस्तावनाकारांनीच हे समीकरण मान्य केले नाही. शक्ती ही देहातील एखादी वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

रेळे यांना हसून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सावकाश, लांब निःश्वास सोडला म्हणजे हृदयाची गती मंदावते, आणि त्यात त्याच तंतूचा हात असतो, ही गोष्ट आज शरीरशास्त्राच्या साध्या पुस्तकातही आहे. रेळे यांची दिशा चुकली नव्हती. चूक समीकरणात होती. नागिणीच्या पिल्लाच्या जागी मज्जातंतू ठेवला, की तिची भूक, तिची तृप्ती, तिने वस्त्र उतरविणे, हे सारे कोठे ठेवावयाचे? त्या मानाने स्वामी कुवलयानंदांची रीत अधिक स्वच्छ होती. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे पत्र सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांत पोटातील दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली. जे मोजता येते ते मोजले. कुंडलिनी सापडली असा पुकारा केला नाही. बंध हा मोजण्याचा विषय आहे आणि उपमा हा मोजण्याचा विषय नव्हे, हे ज्ञानेश्वरांनी पाळलेले अंतर त्यांनीही पाळले.

अनुभव सांगणाऱ्यांचे वाङ्मय हा निराळा प्रांत आहे. नाशिकपुरते बोलावयाचे तर, येथे गजानन महाराज गुप्ते यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सोऽहं’चा अभ्यास शिकविला. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’, आणि अहोरात्रात असे २१,६०० श्वास, हा नाथपंथीय ग्रंथांतील जुना हिशेब आहे. मिनिटाला पंधरा पडतात. निरोगी माणसाच्या श्वासाशी तो आकडा बरोबर जमतो. याच जिल्ह्यातील येवल्यास काही काळ राहिलेले स्वामी मुक्तानंद यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी गणेशपुरीस आपणांस दीक्षा मिळाल्याचे सांगून पुढच्या अंतर्बाह्य उलथापालथीचे वर्णन ‘चित्शक्तिविलास’ या हिंदी ग्रंथात केले आहे. त्यातले एक स्थळ समीक्षकाने ध्यानात घ्यावे असे आहे. शरीरात चाललेल्या विचित्र प्रकारांनी भयभीत झालेल्या या साधकाला धीर कशाने आला? हाती पडलेल्या एका पुस्तकाने. आपल्याला होते आहे ते कोणीतरी आधी लिहून ठेवले आहे, एवढे कळताच भीती गेली. अनुभवाला शब्दांचा आधार लागतो. मात्र त्यातच धोका आहे, कारण शब्द आधी वाचले असतील तर अनुभव त्यांच्याच साच्यात ओतला जातो.

काश्मिरातील गोपी कृष्ण यांची हकिकत याच्या उलट टोकाची. सरकारी कचेरीत काम करणारा हा गृहस्थ वर्षानुवर्षे पहाटे ध्यान करीत असे. १९३७च्या डिसेंबरात जम्मूस त्यांना तो अनुभव आला आणि त्यापुढे दीर्घकाळ अंगाची आग, झोपेचा नाश, अन्नाचा तिटकारा, आपण वेडे होणार ही धास्ती, असे भोग भोगावे लागले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी हे विनासंकोच लिहिले आहे. त्या गृहस्थांचे दुखणे आणि ज्ञानेश्वरांची भुकेली नागीण एकच, असे ठरविण्याचा अधिकार साहित्यसमीक्षकाला नाही. पण घरातील एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी पुस्तक वाचून श्वास कोंडू लागली, झोप उडाली, डोक्यात आग होते म्हणू लागली, तर ही ‘जागृती’ची खूण समजून तिला आणखी बळ द्यावयाचे, की अभ्यास थांबवून वैद्याला दाखवावयाचे, हा प्रश्न कित्येक कुटुंबांत प्रत्यक्ष उभा राहतो. मोहक ओव्या तेवढ्या निवडून भयंकर ओव्या गाळणारा निरूपणकार येथे वाङ्मयीन अपराधापेक्षा मोठा अपराध करीत असतो.

नाशिक जिल्ह्याचे नशीब असे की, याच प्रश्नाचे दुसरे, आणि फार जुने, उत्तरही याच मुलखात नांदते आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरील चोवीस लेण्यांत, सातवाहनकाळी बौद्ध भिक्षू राहत. तिसरे लेणे भद्रयानीय भिक्षुसंघास दिल्याचे शिलालेखच सांगतो. पाली वाङ्मयातील आनापानसतीचे सुत्त आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाची केवळ जाणीव ठेवण्यास सांगते. ब्रह्मदेशात टिकून राहिलेला तो अभ्यास सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात आणला, आणि १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर त्याची शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस केवळ नाकपुड्यांखालील श्वासाकडे पाहावयाचे. श्वास लांबवावयाचा नाही, कोंडावयाचा नाही, मोजावयाचा नाही. त्याला मंत्रही जोडावयाचा नाही. (साडेतीन वेढे आणि साडेतीन दिवस हा योगायोग आहे, त्यातून कोणी सिद्धांत काढू नये.) पुढे साऱ्या देहात सूक्ष्म संवेदनांचा प्रवाह वाहू लागला, तरी त्याची गोडी धरावयाची नाही, दुखणाऱ्या गुडघ्याकडे ज्या समतेने पाहिले त्याच समतेने त्याकडे पाहावयाचे. या दिवसांत मौन आहे, आणि वाचनलेखनही बंद आहे.

साहित्याच्या माणसाला ही शेवटची अट खटकेल, पण तीतच मर्म आहे. सूक्ष्म अनुभवाला नाव व रूप दिले की मन त्याला बिलगते, म्हणून इगतपुरीने उपमेलाच बंदी केली. ज्ञानेश्वरांनी उलट केले. त्यांनी उपमांचा पूर लोटला, पण त्या पुराच्या शेवटी नाव आणि रूप दोन्ही काढून घेतली. पहिली रीत अधिक निर्धोक आहे, यात संशय नाही. दुसरी रीत धोक्याची खरी, पण तिच्याशिवाय मराठीला हा अध्याय मिळाला नसता. माझे स्वतःचे मत विचाराल तर साधनेसाठी पहिली आणि वाचनासाठी दुसरी. आणि आजच्या गोंधळाचे मूळ या दोहोंची अदलाबदल करण्यात आहे.

मराठी संतपरंपरेने स्वतःही या शक्तीवर निकाल दिलेला आहे, आणि तो मोठ्या विनोदबुद्धीने. विसोबा चाट्याने मांडे भाजावयास खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापविली आणि मुक्ताबाईने तीवर मांडे भाजले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. ज्या अग्नीसाठी योग्याने जन्म घालवावा, त्याचा लोकांनी केलेला उपयोग पाहा: धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकाची सोय! चौदाशे वर्षे योगबळाने काळाला चकविणाऱ्या चांगदेवाची कथाही याच जातीची. त्याने पाठविलेला कोरा कागद, वाघावरची स्वारी, चालती भिंत, आणि शेवटी एका पोरसवदा मुलीचे शिष्यत्व. शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने लिहून योगी ज्ञानेश्वर आणि अभंगकार भक्त ज्ञानेश्वर हे दोन निरनिराळे पुरुष मानले, त्यालाही हीच अडचण कारण झाली होती: कुंडलिनीचे एवढे वर्णन करणारा पुरुष हरिपाठात योगयागांना निरुपयोगी कसे म्हणेल? पण ज्ञानेश्वरीच्या आतच बारावा अध्याय आहे, आणि त्यात योगमार्गाने जाणाऱ्यांच्या वाट्यास येणाऱ्या कष्टांचे वर्णन सहाव्या अध्यायाच्या कवीनेच केले आहे. वाट चढून गेलेलाच तिचा चढ सांगू शकतो. त्यासाठी दोन ज्ञानेश्वर मानण्याची गरज नाही.

सहाव्या अध्यायातच अर्जुनाने एक साधा प्रश्न विचारला आहे: हे ज्याला त्याला साधेल काय, की त्यासाठी योग्यता लागते? एवढे दिव्य ऐकल्यावर अर्जुन ते तत्काळ मागत नाही. तो आपले बळ तपासतो. आणि पुढे, मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी गीतेतील तक्रारही करतो. कवीने अर्जुनाच्या तोंडी घातलेला हा संकोच, माझ्या मते, त्या शंभर ओव्यांइतकाच मोलाचा आहे.

अध्यायाचा शेवट मात्र योग्याच्या गुहेत होत नाही, शेतात होतो. सात्त्विकतेचा पाऊस पडून ढेकळे विरली आहेत, श्रोत्यांच्या चित्ताचे वाफे भरून आले आहेत, अवधानाचा सोन्यासारखा वाफसा झाला आहे, आणि म्हणून निवृत्तिनाथांस पेरणीची इच्छा झाली, असे ज्ञानेश्वर म्हणतात. स्वतःस ते पेरणारा म्हणवीत नाहीत. पाभरीच्या माथ्यावरचे, ज्यात मूठमूठ बी सोडतात ते चाडे, एवढीच जागा ते स्वतःकडे घेतात. गुरूने मस्तकावर हात ठेवला, तेच त्यात पडलेले बी. नाशिकच्या शेतकऱ्याला आजही चाडे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. टीपाकारांना मात्र त्या शब्दाखाली टीप द्यावी लागते.